अलॉटमेंटचं पहिलं वर्ष: इंग्लंडच्या ऋतूंबरोबर भाज्या आणि फळं

इंग्लंडमध्ये नव्यानं अलॉटमेंट (भाजी-फळं पिकवायला भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा) घेतलेल्याचा प्लॉट लांबून ओळखू येतो. जुलैमध्ये तिथे कोर्जेट (झुकिनी) खाऊन संपत नाहीत, घेवड्याच्या शेंगा निबर होऊन लटकत असतात आणि नोव्हेंबर उजाडला की सगळे वाफे उघडे पडतात. मेहनत भरपूर झालेली असते, पेरणीच्या वेळा तेवढ्या हुकलेल्या असतात.

आपल्याकडे शेतीचं वर्ष पावसाभोवती फिरतं. इथे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतच असतो, त्यामुळे वर्ष ठरतं ते थंडी आणि उजेडावर. लंडन साडेएक्कावन्न अक्षांशावर आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे दिवस साडेसोळा तासांचा असतो, तर डिसेंबरमध्ये आठ तासांहूनही लहान. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उजेड दहा तासांच्या आतच राहतो. या काळात भाजी तग धरते, पण वाढत जवळजवळ नाही. म्हणजे हिवाळ्यात जे खायचं ते ऑक्टोबरपर्यंत वाढून तयार हवं, आणि त्यासाठी ते वसंतात किंवा भर उन्हाळ्यात पेरलेलं हवं. माझ्या मते पहिल्या वर्षी दोनच गोष्टी जमल्या तरी खूप झालं: एप्रिल-मेमध्ये हात आवरणं आणि जून-जुलैमध्ये पेरणी चालू ठेवणं.

पुढच्या तारखा दक्षिण आणि मध्य इंग्लंडसाठी आहेत. उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये वसंतातली कामं दोन-तीन आठवडे उशिरा करा आणि शरदातली तेवढीच आधी उरका.

प्लॉट मिळवताना

अलॉटमेंटच्या बहुतेक जागा कौन्सिलच्या किंवा पॅरिश कौन्सिलच्या असतात, काही खासगी किंवा चर्चच्या मालकीच्या. १९०८ च्या स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स ॲक्टप्रमाणे मागणी असेल तर इंग्लंड आणि वेल्समधल्या कौन्सिलांनी जागा पुरवायची असते (लंडनच्या मध्यभागातल्या बरोंना, म्हणजे तिथल्या कौन्सिलांना, हे बंधन नाही). सहा स्थानिक मतदारांनी किंवा करदात्यांनी मिळून लेखी मागणी केली तर कौन्सिलला ती विचारात घ्यावी लागते. जिथे अलॉटमेंट अजिबातच नाहीत अशा गावात हे कलम उपयोगी पडतं. १९२२ च्या कायद्यानं अलॉटमेंट गार्डनची व्याख्या केली: जास्तीत जास्त ४० पोल जागा आणि मुख्यतः स्वतःच्या कुटुंबाला खायला लागणारी भाजी-फळं. म्हणूनच निव्वळ हिरवळ करून खुर्च्या मांडल्या की नोटीस येते.

पोल हे माप ऐकून गोंधळायचं कारण नाही. एकरात १६० पोल आणि ४० गुंठे, म्हणजे चार पोलांचा एक गुंठा. पारंपरिक पूर्ण प्लॉट १० पोलांचा, म्हणजे आपला अडीच गुंठे. नोकरी करणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षी तो झेपत नाही. अर्धा प्लॉट मागा. सव्वा गुंठ्यात चार माणसांना उन्हाळाभर भाजी निघते आणि आठवड्याला चार-पाच तासांत काम आवरतं. शहरांत प्रतीक्षा यादी लांब असते, म्हणून नियम आड येत नसतील तर एकाहून जास्त ठिकाणी नाव घाला. भाडं कौन्सिलप्रमाणे बदलतं. कुठे वर्षाला तीसेक पौंड, तर कुठे शंभराच्या वर, पाण्याचा आकार कधी त्यात धरलेला तर कधी वेगळा.

सही करण्याआधी करार पूर्ण वाचा. शेड किती मोठी चालेल, झाडं लावायला परवानगी आहे का, होसपाइप चालतो का, जाळ कधी करता येतो, पहिल्या वर्षात किती भाग लागवडीखाली आणावा लागतो. मग शेजारच्या प्लॉटवरच्या जुन्याजाणत्या माणसाला दोन प्रश्न विचारा: इथे क्लबरूट (कोबीवर्गाची मुळं सुजवणारा रोग) आहे का, आणि कांद्यावर व्हाइट रॉट (गड्डा कुजवणारी पांढरी बुरशी) पडतो का? हे दोन्ही रोग मातीत वर्षानुवर्षं राहतात. क्लबरूटचे बीजाणू वीस वर्षंही टिकू शकतात. उत्तर ‘हो’ आलं म्हणून प्लॉट नाकारू नका, पण कोबी कुठून आणायचा आणि कांदा कुठे लावायचा ते त्यावरून ठरेल.

तण, माती आणि खताची परीक्षा

हाती येणारा प्लॉट बहुधा कमरेएवढ्या गवतानं भरलेला असतो. रोटाव्हेटर भाड्यानं आणून एका दिवसात काम फत्ते करायचा मोह होतो. तो टाळा. काऊच ग्रास या तणाची मुळं पांढरी, तारेसारखी आणि टोकाला टोचणारी असतात. बाइंडवीड या वेलीसारख्या तणाची मुळं जाड दोऱ्यासारखी आणि मोडकी. रोटाव्हेटर त्यांचे हजार तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला कोंब फुटतो. मेअर्स टेल हे तण असेल तर मुळं दोन मीटरवर खोल गेलेली असतात, ते खणून निघतच नाही. दिसेल तेव्हा कापत राहायचं.

गवत जमिनीलगत कापा आणि प्लॉटचा एक तृतीयांश भाग या वर्षासाठी निवडा. उरलेला भाग जाड काळ्या ताडपत्रीनं झाकून कडांना विटा ठेवा. जुना गालिचा अंथरू नका. बऱ्याच साइट्सवर त्याला बंदी आहे, कारण तो कुजताना त्यातले कृत्रिम धागे आणि रसायनं मातीत मिसळतात. निवडलेल्या भागात दोन मार्ग आहेत. काट्याच्या फावड्यानं खणून मुळं हातानं वेचायची, किंवा न खणता जाड पुठ्ठा अंथरायचा (चिकटपट्ट्या काढून, तुकडे एकमेकांवर चांगले वीतभर चढवून), तो भिजवायचा आणि वर दहा-पंधरा सेंटीमीटर कंपोस्ट घालायचं. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. इंग्लंडमधली चिकणमाती हिवाळ्यात खणली की ढेकळं होतात, आणि खणण्यानं खाली झोपलेलं तणाचं बी वर येतं. कंपोस्टचा खर्च मात्र मोठा आहे, म्हणून पहिल्या वर्षी दोन-तीन वाफेच असे करा. वाफ्याची रुंदी १.२ मीटरच्या आत ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि मातीवर पाय पडत नाही.

घोड्याच्या तबेल्यातलं लीदखत बरेचदा फुकट मिळतं. ते सोनं आहे, पण घालण्याआधी तपासा. कुरणांतलं रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरॅलिड गटातली तणनाशकं वापरतात. ती गवतातून घोड्याच्या पोटात जातात, न बदलता लिदीत येतात आणि खत कुजलं तरी टिकून राहतात. असं खत घातलं की टोमॅटो, बटाटा आणि सगळी शेंगवर्गीय पिकं वाकडी होतात.

परीक्षा सोपी आहे. ढिगाच्या वेगवेगळ्या जागांहून खत घ्या, निम्म्यास निम्मं विकतच्या कंपोस्टमध्ये मिसळून तीन-चार कुंड्या भरा. तेवढ्याच कुंड्या नुसत्या कंपोस्टच्या ठेवा आणि त्या वेगळ्या ताटलीत ठेवा, म्हणजे पाणी एकमेकांत जाणार नाही. सगळ्यांत ब्रॉड बीन (बाकला) पेरा आणि महिनाभर पाहा. खत दूषित असेल तर नवी पानं सपाट उघडत नाहीत. त्यांच्या कडा वर वळून वाटीसारख्या होतात, देठ पिळवटतात, शेंडा आखडतो. साध्या कुंडीतली रोपं शेजारी सरळ उभी असतात, त्यामुळे फरक चटकन कळतो. असं दिसलं तर ते खत प्लॉटच्या फाटकाच्या आत घेऊ नका.

कंपोस्टचे कप्पे लाकडी पॅलेटचे करता येतात. पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का पाहून घ्या, म्हणजे लाकूड फक्त उष्णतेची प्रक्रिया केलेलं आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी: वर्षाची खरी सुरुवात

प्लॉट शरदात मिळाला तर नशीब समजा. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावायचा. त्याला महिना-दोन महिने दहा अंशांखालची थंडी लागते, तरच गड्ड्यात पाकळ्या सुट्या होतात. उशिरा लावलेल्या लसणाचा कधीकधी एकच गोल कांदा बनतो. सुपरमार्केटमधला लसूण लावू नका, तो दुसऱ्या हवामानातला असतो आणि त्याबरोबर रोग येऊ शकतो. रोपवाटिकेतलं बेणं घ्या. पाकळ्या पंधरा सेंटीमीटर अंतरावर, टोक वर करून, बोटभर मातीखाली.

त्याच सुमारास ब्रॉड बीनही पेरता येतात. ‘ॲक्वाडल्स क्लॉडिया’ ही जुनी जात थंडीत तग धरते. पाच सेंटीमीटर खोल, वीस सेंटीमीटर अंतरावर पेरा आणि कडेला पाच-सहा जादा बिया टाकून ठेवा, नांग्या भरायला उपयोगी पडतात. मेमध्ये शेंड्यांवर काळा मावा येतो. पहिल्या शेंगा धरल्या की शेंडाच खुडून टाका, मावा आटोक्यात येतो. स्वच्छ शेंडे पालकासारखे परतून खाता येतात.

बिनमातीच्या मुळांची फळझाडं नोव्हेंबर ते मार्चमध्येच लावायची असतात. त्याबद्दल पुढे.

जानेवारीच्या शेवटी बटाट्याचं बेणं आणा, प्रमाणित केलेलं. अंड्यांच्या पुठ्ठ्यात डोळे वर करून, उजेडात पण थंड खोलीत ठेवा. पाच-सहा आठवड्यांत आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात. लांबलचक पांढरे कोंब आले तर उजेड कमी पडतोय असं समजा. मिरची मात्र फेब्रुवारीतच घरात पेरा, वीस अंशांवरच्या उबेत. तिला वाढायला फार वेळ लागतो.

मार्च आणि एप्रिल: वाफसा पाहून

मार्चमध्ये एखादा दिवस ऊन पडतं आणि सगळी साइट माणसांनी भरते. आधी माती पाहा. मूठभर माती दाबून गोळा करा. तो चिकट राहून बोटांचे ठसे धरत असेल तर अजून वाफसा नाही. असा गोळा बोटानं ढकलल्यावर फुटला की पेरणी करा. थंड, ओल्या मातीत टाकलेलं बी सडतं, आणि पंधरा दिवस उशिरा पेरलेलं त्याला गाठतं.

या दोन महिन्यांत थंडी सोसणारी पिकं घ्या: कांद्याचे सेट्स (लावायचे छोटे कांदे), मटार, पार्सनिप (गाजरासारखं पांढरट कंदमूळ), बीट, मुळा, चार्ड (बीटच्या कुळातली पालेभाजी). कांद्याचे सेट्स पक्षी उपटून टाकतात, मुळं धरेपर्यंत जाळी घाला. पार्सनिपचं बी दरवर्षी नवं घ्या, ते जुनं होऊन चालत नाही. उगवायला चार आठवडेही लागतात, म्हणून त्याच ओळीत मुळा पेरा. मुळा आठवड्यात वर येऊन ओळ दाखवतो आणि पार्सनिप मोठा व्हायच्या आत काढून खाल्लेलाही असतो.

लवकरच्या जातीचे बटाटे मार्चअखेर लावतात. गुड फ्रायडेला बटाटे लावायची इथे जुनी पद्धत आहे, पण तो सण मार्च-एप्रिलमध्ये महिनाभर मागेपुढे होतो, त्यामुळे तारखेपेक्षा मातीवर विसंबा. बारा-पंधरा सेंटीमीटर खोल, दोन बेण्यांत तीस सेंटीमीटर, दोन ओळींत साठ. कोंब वीतभर वर आले की दोन्हीकडून भर लावा, फक्त शेंडा दिसेल इतकी. रात्री फ्रॉस्टचा (दंव गोठण्याचा) इशारा असेल तर शेंडाही मातीखाली जाऊ द्या. भर लावल्यानं बटाट्यांवर ऊन पडत नाही. ऊन लागलं की ते हिरवे होतात आणि हिरवा बटाटा खाऊ नये. लवकरचे बटाटे दहा-बारा आठवड्यांत, जूनमध्ये निघतात. मुख्य हंगामाचे एप्रिलमध्ये लावायचे, जास्त अंतरावर.

गाजराची माशी जमिनीलगत उडते आणि विरळणी करताना पानं चुरडल्याच्या वासावर येते. पेरल्या दिवसापासून बारीक जाळीखाली झाका. दुसरा उपाय भरवशाचा नाही.

टोमॅटो मार्चमध्ये घरात खिडकीशी पेरा. लीक (कांद्याच्या कुळातली जाड दांड्याची भाजी), पर्पल स्प्राउटिंग ब्रोकोली आणि केल (कोबीवर्गातली पालेभाजी) एप्रिलमध्ये छोट्या कप्प्यांत पेरून ठेवा. या तीन भाज्यांना आज कुणी विचारत नाही, पण पुढच्या फेब्रुवारीत प्लॉटवर बहुधा त्याच उभ्या असतात.

एप्रिल-मेला इथे हंग्री गॅप म्हणतात. हिवाळी भाज्या फुलावर गेलेल्या, नव्या अजून लहान. रुबार्ब (आंबट देठांसाठी लावतात ते झाड), शतावरी आणि ब्रोकोली हाच काय तो आधार.

मे: हात आवरा

मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी वीस अंश होतात आणि गार्डन सेंटरमध्ये टोमॅटो-कोर्जेटची रोपं ओसंडून वाहत असतात. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो आणि सकाळी कोर्जेटची पानं काळी पडलेली, पाण्यात भिजल्यासारखी दिसतात. दक्षिणेत मेचा तिसरा आठवडा आणि उत्तरेत जूनचा पहिला, त्याआधी टोमॅटो, घेवडा, भोपळा, कोर्जेट आणि मका उघड्यावर लावू नका.

लावण्याआधी रोपं कणखर करा. पहिले काही दिवस दिवसा बाहेर, सावलीत, रात्री आत. मग उन्हात, मग रात्रीही बाहेर. यात दहा-पंधरा दिवस जातात. खिडकीतून एकदम वाऱ्यात गेलेलं रोप पांढरं पडतं आणि आठवडे तसंच बसून राहतं.

रनर बीन आणि श्रावणघेवड्याला २.४ मीटरच्या बांबूच्या काठ्या रोवा, वर घट्ट बांधा. शेंगांनी भरलेल्या वेलावर ऑगस्टचा वारा बसला की ढिली बांधणी आडवी होते. प्रत्येक काठीला एक-दोन रोपं पुरे.

गोगलगायी हा इथला मोठा शत्रू. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२२ नंतर बाहेर वापरायला बंदी आहे; शेडमध्ये जुना डबा सापडला तर तो कौन्सिलच्या घातक कचरा केंद्रावर द्या. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या चालतात. माती पाच अंशांवर गेली की सूक्ष्म सूत्रकृमी पाण्यातून घालता येतात, ते मातीतल्या गोगलगायींना मारतात. पण रोप लहान असताना न लावणं हाच मोठा बचाव आहे. चार-पाच पानांचं, कुंडीत चांगलं मूळ धरलेलं रोप गोगलगायीनं कुरतडलं तरी उभं राहतं. थेट पेरलेलं कोवळं रोप एका रात्रीत नाहीसं होतं.

जून आणि जुलै: हिवाळ्यासाठी

बाकीच्यांचं लक्ष काढणीकडे असतं तेव्हा पुढच्या सहा महिन्यांची भाजी ठरत असते. लवकरचे बटाटे, ब्रॉड बीन, लसूण आणि मटार निघाले की वाफे मोकळे होतात. ते एक आठवडाही रिकामे ठेवू नका.

लीकची रोपं पेन्सिलएवढी जाड झाली की त्या जागी लावा. पद्धत पाहण्यासारखी आहे. जाड दांड्यानं पंधरा सेंटीमीटर खोल भोक पाडायचं, दांडा किंचित गोल फिरवून कडा दाबायच्या. रोपाची लांब मुळं थोडी छाटून ते भोकात नुसतं सोडायचं. माती लोटायची नाही. भोक पाण्यानं काठोकाठ भरायचं आणि पुढे जायचं. पाणी मुरताना बारीक माती मुळांपाशी नेऊन ठेवतं, आणि वरचं मोकळं भोक लीकला जाड व्हायला जागा देतं. अंधारात वाढलेला तो भाग पांढरा आणि कोवळा राहतो. पहिले आठ दिवस रोपं आडवी, मरगळलेली दिसतील. दुसऱ्या आठवड्यात उभी राहतात. ओळीत पंधरा आणि ओळींमध्ये तीस सेंटीमीटर.

ब्रोकोली, केल आणि कोबी यांना उलट घट्ट माती हवी. रोप पहिल्या पानांपर्यंत खोल लावा आणि टाचेनं भोवतालची माती दाबा. पान धरून ओढलं तर पान तुटावं, रोप हलू नये. क्लबरूट असेल तर चुना घालून पीएच सातच्या वर न्या आणि रोपं मोठ्या कुंडीत वाढवूनच लावा. लावल्या दिवशीच जाळी घाला. फुलपाखरू आत जाऊ नये यासाठी जाळीचं भोक सात मिलिमीटरच्या आत हवं, आणि पानं जाळीला टेकू देऊ नका, कारण मादी जाळीबाहेर बसूनही टेकलेल्या पानावर अंडी घालते. हीच जाळी हिवाळ्यात कबुतरांपासून वाचवते. जाळी न घातलेली ब्रोकोली कबुतरं जानेवारीत देठापर्यंत सोलून ठेवतात.

पाक चोय, मिझुना (दोन्ही आशियाई पालेभाज्या) आणि मोहरीची भाजी २१ जूनच्या आधी पेरली तर वाढत्या दिवसामुळे लगेच फुलावर जाते. जुलैअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरा, थंडी पडेपर्यंत पानं मिळतात. चार्ड आणि बीटची दुसरी पेरणीही जुलैमध्येच, त्यानंतर बीट फुगत नाही. उन्हाळी पेरणीसाठी ओळ आधी पाण्यानं भरा, बी टाका, वर कोरडी माती ओढा. वरून पाणी घातलं तर पापुद्रा धरतो.

पाणी रोज थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदोनदा भरपूर द्या, बुंध्याशी, संध्याकाळी किंवा पहाटे. होसपाइप बंद असलेल्या साइटवर झारीनं सगळ्या प्लॉटला पाणी घालणं माणसाला थकवतं. नवी रोपं, फुलावर आलेला घेवडा, कोर्जेट आणि टोमॅटो यांनाच द्या. मूळ धरलेल्या कांद्या-लीकचं इंग्लंडच्या साध्या उन्हाळ्यात चालून जातं.

आपल्या भाज्या

कोथिंबीर दर तीन आठवड्यांनी थोडी पेरा. धणे हलके रगडून दोन दळं सुटी करा. जूनमधली पटकन फुलावर जाते, ऑगस्टमध्ये पेरलेली सगळ्यांत जास्त दिवस पानं देते. मेथी एप्रिल ते सप्टेंबर केव्हाही येते आणि शेंगवर्गीय असल्यानं रिकाम्या वाफ्यात हिरवळीचं खत म्हणूनही चालते. लाल माठ मेअखेर पेरा; लंडन-बर्मिंगहॅमच्या साइट्सवर कॅरिबियन कुटुंबं याच कुळातला कलालू पिकवतात, त्यांच्याकडून बी मागून घ्यावं. दुधीला पॉलिटनेल (प्लास्टिकचं बोगद्यासारखं हरितगृह) आणि उबदार उन्हाळा हवा. भेंडीसाठी पॉलिटनेल नसेल तर जागा वाया घालवू नका. उघड्यावर ती गुडघ्याएवढी होते आणि चार-दोन शेंगा देऊन थांबते.

ऑगस्ट आणि सप्टेंबर: ब्लाइट आणि काढणी

दमट, उबदार हवा आली की बटाटा-टोमॅटोवर ब्लाइट येतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक उद्ध्वस्त करणारा तोच हा रोग. इथे धोक्याचा अंदाज हटन निकषावर बांधतात: सलग दोन दिवस किमान तापमान दहा अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास ९० टक्के किंवा त्याहून जास्त आर्द्रता. पानांवर कडेपासून पसरणारे तपकिरी ओले डाग आणि पानाखाली पांढुरकी बुरशी दिसली की बटाट्याचा सगळा पाला त्याच दिवशी जमिनीलगत कापून उचलून न्या. बटाटे दोन आठवडे जमिनीतच राहू द्या, साल पक्की होते आणि वरचे बीजाणू मरतात. मग कोरड्या दिवशी काढा. एकही बटाटा मागे ठेवू नका. त्यातूनच पुढच्या वर्षी रोग उठतो. दरवर्षी असा त्रास असेल तर ‘सार्पो मीरा’ बटाटा आणि ‘क्रिम्झन क्रश’ टोमॅटो लावा. उघड्यावरच्या टोमॅटोला चार घोस धरले की शेंडा खुडा, त्यावरचे पिकत नाहीत.

भोपळे पहिल्या फ्रॉस्टआधी देठासकट कापा आणि दहा-पंधरा दिवस उन्हात किंवा काचेमागे वाळवा. साल नखानं टोचता येईनाशी झाली की ते महिनोन्महिने टिकतात. कांद्याची पात आडवी पडली की उपटून वाळवा. पात मुद्दाम वाकवू नका.

फळं

फळांना पहिल्या वर्षी जागा द्या, फळाची अपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून धरा. रास्पबेरीत दोन प्रकार असतात आणि त्यांची छाटणी उलट असते. उन्हाळी जातीत फळ देऊन झालेले दांडे जुलै-ऑगस्टमध्ये मुळापाशी कापायचे आणि त्याच वर्षी फुटलेले हिरवे दांडे तारेला बांधायचे. शरदातल्या जातीचे सगळेच दांडे फेब्रुवारीत जमिनीलगत कापायचे. नवख्याला शरदातली जात सोपी.

ब्लॅककरंट रोपवाटिकेत होता त्याहून पाच सेंटीमीटर खोल लावा, म्हणजे मातीखालून नवे फुटवे येतात. दर हिवाळ्यात जुन्या फांद्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा तळातून काढा. स्ट्रॉबेरीची रोपं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावली तर पुढच्या जूनमध्ये फळ मिळतं. रोपाचा मधला गाभा मातीच्या बरोबरीनं ठेवा; गाडला तर कुजतो, उघडा राहिला तर सुकतो. तीन-चार वर्षांनी जागा बदलून नवी रोपं लावा. रुबार्ब पहिल्या वर्षी अजिबात तोडू नका, नंतरही जुलैपर्यंतच. त्याचे देठच खायचे, पानं विषारी असतात.

सफरचंद घेताना जातीआधी खुंट (कलम ज्या मुळावर बांधलेलं असतं ते) विचारा. एम ९ आणि एम २६ वरची झाडं लहान राहतात आणि बऱ्याच साइट्सवर तेवढीच चालतात. परागीभवनासाठी जवळ वेगळ्या जातीचं झाड लागतं, पण अलॉटमेंटवर ते शेजाऱ्याकडे बहुधा असतंच. सफरचंदाची छाटणी हिवाळ्यात करा. प्लम आणि चेरीची मात्र उन्हाळ्यात, कारण हिवाळी जखमांतून सिल्व्हर लीफ हा रोग शिरतो.

पुन्हा ऑक्टोबर

रिकामा झालेला प्रत्येक वाफा कंपोस्टनं झाका आणि या वर्षी कुठे काय होतं याचा साधा नकाशा वहीत काढा. बटाट्याच्या जागी पुढे शेंगवर्गीय, त्यांच्या जागी कोबीवर्गीय, मग कांदा-गाजर, अशी फेरपालट निदान तीन वर्षांची हवी. ताडपत्रीखालच्या भागाचं एक टोक उचलून बघा. काऊच ग्रासची मुळं तपकिरी आणि लिबलिबीत झाली असतील तर तिथे आता लसूण लावता येईल. अजून पांढरी, ताठ असतील तर ताडपत्री पुढचा उन्हाळा संपेपर्यंत राहू द्या. पार्सनिप दोन-तीन फ्रॉस्ट पडून गेल्यावर काढा, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते. पण कडाक्याच्या थंडीचा अंदाज आला की आधीच आठवड्यापुरते काढून ठेवा, कारण जमीन गोठली की फावडं आत जात नाही.